मधला वार

सोमवार, १० नोव्हेंबर. जळगाव

धुळ्याचं लचांड शेवटी माझ्याच गळ्यात आलं.

सकाळी प्रेमराज सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "ज्योती, धुळ्याचा डोळ्यांचा दवाखाना पुन्हा अडकला. त्यांचे मॅनेजर राजपूत साहेब असे काही बोलले की मी फोन कानापासून हातभर लांब धरला." दिवाळीआधी आपण त्यांना सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दिली, तेव्हापासून हे सुरू आहे. पेशंटची नावनोंदणी चालू असताना मध्येच सगळं गोठतं. एका काउंटरचं नाही, सगळ्यांचं. ऑपरेशनची यादी दिसेनाशी होते, डोळ्यात थेंब टाकलेली म्हातारी माणसं बाकावर ताटकळत बसतात. सर्व्हर बंद करून चालू केला की पुन्हा गुण्यागोविंदाने चालतं. चुकांच्या नोंदीत फक्त एवढंच येतं की वाक्य अर्धवट आहे. कोणतं वाक्य, कोणी अर्धवट सोडलं, देव जाणे.

राजपूत साहेबांनी मात्र निकाल लावून टाकलाय. म्हणे, दर वेळी दोन नंबरच्या काउंटरवर सुनंदाबाई एकट्या असतात तेव्हाच हे होतं. बाईंना कॉम्प्युटर झेपत नाही. महिनाअखेर दुसरं कारण सापडलं नाही, तर बाई काउंटरवरून उठून खाली चादरी-टॉवेलच्या खोलीत.

मी या बाईंना पाहिलेलंही नाही. तरी मला त्यांचंच वाईट वाटत राहिलं.

पुण्याचा फोन येऊन गेला. मीटिंग होती म्हणून घेतला नाही. (मीटिंग नव्हती.)

मंगळवार, ११ नोव्हेंबर. धुळे

पारोळ्यापर्यंत उभी, पुढे बसायला मिळालं.

सुनंदाबाई माझ्या मनातल्या बाईंपेक्षा निराळ्याच निघाल्या. ठेंगण्या, ठसठशीत कुंकू, चष्मा दोरीला बांधलेला. दोन बोटांनी टाइप करतात हे खरं, पण ती दोन बोटं काय पळतात! साक्री-पिंपळनेरकडची माणसं रांगेत उभी राहतात ती दोन नंबरच्याच. बाई त्यांच्याशी अहिराणीत बोलतात, आणि 'काय होतं' या प्रश्नाला बाकी काउंटरवर 'काही नाही' म्हणणारा म्हातारा इथे सगळं सांगून मोकळा होतो.

शेजारच्या खुर्चीवर अतिक. तिशीतला, मितभाषी. बाई त्याला हाक मारतात, "अतिक बेटा, आठे ये जरा." तो उठतो, बाईंच्या कीबोर्डवर काहीतरी खुडबुड करतो, परत जाऊन बसतो. सारखं चालू असतं हे.

मी विचारलं, "बाई, शेवटचं कधी अडकलं होतं?"

"मागल्या शुक्रवारी. आणि त्याच्या आधी मधल्या वारी."

"कोणत्या वारी?"

"मधल्या वारी हो," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

अहिराणी शब्द असावा. मी सावद्याची, आमची बोली वेगळी. कुणाला तरी विचारायला हवं.

मी काय करणार आहे हे मला त्यांना सांगावंसं वाटलं, चोरून करायचं नव्हतं. म्हटलं, "बाई, चुकांची नोंद फक्त कोण पडलं ते सांगते. मी ट्रेस लावणार आहे. म्हणजे काउंटरवरून सर्व्हरला जे जे सांगितलं जातं, ते शब्द न् शब्द टिपून ठेवायचं. मग कुठे ठेच लागली ते दिसतं."

"म्हंजे दाराला कान लावनं."

"हो, तसंच."

बाईंचा हात एकदम थांबला. मग हसून म्हणाल्या, "लाव माय. मन्हं काय जास?" पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. घाबरल्या असतील बिचाऱ्या.

बुधवार, १२ नोव्हेंबर. धुळे

फजिती. हावरटासारखा सगळ्या दवाखान्याचा ट्रेस लावला. औषधाचं दुकान, चष्म्यांचा विभाग, सगळंच टिपायला घेतलं. दुपारपर्यंत फाइल इतकी फुगली की सर्व्हरची डिस्क भरली आणि जे आजवर अधूनमधून अडकायचं ते सलग अडकलं. राजपूत साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोग शोधायला आलात की द्यायला?"

खालमानेने ट्रेस बंद केला, फाइल पुसली. सुनंदाबाईंनी माझ्यापुढे चहा सरकवला आणि म्हणाल्या, "साहेबनं मनवर लेऊ नको. ते देवघरातसुद्धा ओरडतस."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. धुळे

आज अडकायलाच हवं होतं. शुक्रवारी दुपारी शिबिराची बस येते, तेव्हाच हमखास अडकतं. माझा कयास: एकदम गर्दी, सर्व्हरवर ताण, आणि अतिक नमाजला गेलेला म्हणून सगळा भार एका काउंटरवर.

मी बाईंच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले. बस आली. रांग दारापर्यंत. अतिक गेला. आणि काहीच झालं नाही! मशीन कसं शहाण्या बाळासारखं चाललं. मी बघत असले की ते शहाणं होतं. सरांना सांगितलं तर हसतील.

एक मात्र बघितलं. रांगेतल्या एका आजींची पाळी आली, त्यांनी नाव सांगितलं, आणि बाई त्यांना म्हणाल्या, "अक्का, तुम्ही थकेल दिसतस, जरा बाकवर बसा. बाकीचे होऊ द्या." थोड्या वेळाने आणखी एका आजोबांनाही तसंच बसवलं. अतिक आल्यावर त्याने त्या दोघांची नोंद केली. केवढी माया आहे या बाईंना! आणि साहेब यांना चादरी मोजायला पाठवणार.

रविवार, १६ नोव्हेंबर. जळगाव

बाजारात भरताची वांगी आलीत, पांढरट हिरवी. दोन आणली आणि मग लक्षात आलं की खाणारी मी एकटीच.

पुण्याशी बोलणं झालं. भरीत कसं करतात विचारत होता. तिकडची जांभळी वांगी आणलीत म्हणे, चव येईना. म्हटलं, "काड्यांवर भाजायचं असतं, गॅसवर काय चव येणार?" माझ्याशी न बोलता तिकडची नोकरी पत्करली, तेव्हा नाही विचारलं काही. आता वांगी विचारतो. 'ठेवते' म्हटलं आणि ठेवला.

एका वांग्याचं भरीत केलं. फार झालं. उरलेलं शेजारी दिलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर. जळगाव

डोकं लावलं थोडं. फक्त नावनोंदणी आणि फक्त दोन नंबरचं काउंटर एवढंच टिपायचं, तेही शुक्रवारी दुपारी बस आल्यापासून अतिक परत येईपर्यंत. आणि मी तिथे जायचंच नाही. जळगावहून बसून बघायचं.

बाईंना फोन करून सांगितलं. चोरून नको. त्या म्हणाल्या, "बरं." मग म्हणाल्या, "माय, ते बठ्ठं तूच वाचशी ना? साहेब नहीं?"

"मीच. आणि काम झालं की फाइल पुसते. पेशंटांची नावं असतात त्यात."

"मंग ठीक शे."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. जळगाव

सापडलं! सापडलं, सापडलं!

बस आली असेल तेव्हा नोंदी भराभर सरकायला लागल्या. नाव, गाव, वय, उजवा डोळा, डावा डोळा. आणि एका ओळीत नावाच्या जागी नाव नव्हतंच. फक्त एक खूण. इंग्रजीत अक्षराच्या डोक्यावर देतात तसा एकुलता एक स्वल्पविराम. पुढच्या क्षणी लाल ओळ, आणि त्याखाली सगळ्या काउंटरांची रांग लागलेली.

आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक नाव अशाच दोन खुणांच्या मध्ये ठेवून सर्व्हरला देतं. मध्ये तिसरी आली की सर्व्हरला वाटतं, नाव संपलं. मग पुढचं काही कळेनासं होतं, नोंद अर्धी राहते आणि तो आतून कडी लावून बसतो. जुन्या आवृत्तीत ही खूण पचत होती. नवीन लिहिताना आमच्याच ऑफिसात कुणीतरी घाई केली. म्हणजे दुखणं आमचं.

सरांना सांगितलं. त्यांनी टाळी दिली. पण बाई ती खूण टाकतात कशाला?

शनिवार, २२ नोव्हेंबर. जळगाव

सुट्टी असून तेच डोक्यात. ट्रेस पुन्हा वाचला. सर्व्हर सुरू झाल्यावर त्याच पेशंटची नोंद अतिकने केली, ती त्याच्या खाली आहे: सखाराम बुधा सोनवणे. कुतूहल वाटलं म्हणून याआधीच्या अडकण्यांच्या तारखा काढल्या आणि त्या त्या वेळी सर्व्हर सुरू झाल्यावर पहिली नोंद कोणाची ते पाहिलं. बुधा तुळशीराम. यमुना बुधा. बुधा लोटन.

बुधा, बुधा, बुधा. साक्रीकडे जन्मवारावरून नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे बुधा पुष्कळ. पण या नावाशी बाईंचं वैर काय? त्या नावाचा कुणी सावकार की कुणी दीर भाऊबंदकीतला? असेल काहीतरी जुनं दुखणं. विचारायचं कसं?

सोमवार, २४ नोव्हेंबर. धुळे

अजून हसू येतंय. नीट लिहिते.

दवाखान्याच्या फाटकात एक आजोबा लुनावर बसलेले. मफलर, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर डबा. मी आत जाताना म्हणाले, "बेटा, दोन नंबरवालीले सांगशी का, डबा लयेल शे म्हनीसन. ती घाईम्हा इसरी गई."

"कोण आलंय म्हणून सांगू?"

"बुधा सांग."

मी तिथेच उभी. बुधा. बुधवार. मधला वार! शुक्रवार सरळ म्हणणाऱ्या बाई या एकाच वाराला वळसा घालतात. आणि मी शहाणी, अहिराणी शब्द समजून बसले होते!

आजोबांना म्हटलं, "तुमचा चष्मा फार जाड आहे, आजोबा. तपासलं का?" तर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, वर्ष झालं. ऑपरेशन करत नाहीत, कारण अट घातलीय. "नोंद तिनीच करानी. तिना हातनं मन्हं नाव लिखं गयं पाहिजे. मंग मी लगेच टेबलवर झोपसू." आणि लहान पोरासारखे हसले.

आत जाऊन बाईंच्या कानाशी म्हटलं, "बाई, बाहेर मधला वार डबा घेऊन आलाय."

बाईंनी पदराने तोंडच झाकलं. अतिक खुर्चीत वाकून हसत सुटला.

"तुला माहीत होतं?" मी त्याला विचारलं.

"मालूम था मॅडम. पण ते बाईंचं, मी कसं सांगू? मेरी अम्मी भी अब्बा का नाम नहीं लेती. 'अतिक के अब्बा' म्हणते. मी नसतो तर तिने काय म्हटलं असतं कोण जाणे."

दुपारी बाईंनी डब्यातली कळण्याची भाकरी माझ्यापुढे केली आणि सगळं सांगितलं. लग्नात सासूबाईंनी बजावलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. "खोटं शे, माले बी समजस. पन जीव धजत नहीं. एवढा वरीस नहीं लिधं, आते लिधं आनि त्यासले काही व्हयनं तर?" कागदाचे केसपेपर होते तेव्हा त्या जागी वर एक खूण करून ठेवायच्या, सोबतचं कुणी नाव भरायचं. कॉम्प्युटर आला, खूण तीच राहिली. अतिक असला की तो भरतो. नसला की खूण टाकून पुढचा पेशंट. ते दोघं म्हातारे त्या दिवशी बाकावर बसवले ते दमले म्हणून नव्हे, मी शेजारी बसले होते म्हणून!

"माय, साहेबले सांगशी का?" त्यांचे डोळे भरून आले. "चादरीसनं काम बी करसू मी. कामले लाज कसानी? पन आठे मन्हा गावनी मानसं येतस. त्यासले मन्हाशिवाय कोनी इचारत नहीं का डोयाले काय व्हस."

मी शब्द दिला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर. धुळे

राजपूत साहेबांसमोर बसले. म्हणाले, "म्हणजे बाईंचीच चूक. मी म्हणतच होतो."

"नाही साहेब. चूक आमची. नावात एक खूण आली तर सॉफ्टवेअरने तोंडावर पडायचं नसतं. उद्या एखादे डिसूझा आले आणि त्यांच्या इंग्रजी नावात हीच खूण असली, तर तुम्ही त्यांनाही चादरींच्या खोलीत पाठवणार का?"

ते म्हणाले, "पण बाई ती टाकतात का?"

"नाव मागाहून भरायचं असलं की जागा राखून ठेवतात. जुनी सवय. नंतर अतिक भरतो." यात खोटं काही नाही. डोळेही खाली केले नाहीत.

साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. "दुरुस्त करा. उद्या माझ्यासमोर चालवून दाखवा. अडकलं तर बाई खाली, आणि तुमचं सॉफ्टवेअर बाहेर."

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती केली. आता खूण आली तरी सर्व्हर तिला नावाचाच भाग समजेल. तरी धाकधूक आहे.

चहा घेताना फोन वाजला. काचेवर 'पुणे' आलं. मी कट केला. बाई बघत होत्या. "पुनं कोन शे?"

"नवरा."

बाई अशा हसल्या की हातातला चहा हिंदकळला. "मन्हा मधला वार, तुन्हं पुनं! मी मान म्हनीसन नाव लेत नहीं माय. तू कसाले लेत नहीं?"

"मी काही तसलं मानत नाही," मी म्हटलं. "सोपं पडतं म्हणून तसं सेव्ह केलंय."

"हां," म्हणाल्या. नुसतं 'हां'. मला रागच आला त्यांचा. एवढं केलं यांच्यासाठी, आणि मलाच!

बुधवार, २६ नोव्हेंबर. परतीच्या बसमध्ये

खड्ड्यांमुळे अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे, आत्ताच लिहायचंय.

राजपूत साहेब हाताची घडी घालून दोन नंबरच्या मागे उभे. मी बाजूला. बाईंनी पहिल्या पेशंटच्या नावाजागी मुद्दाम खूण टाकली, नोंद केली. अडकलं नाही. शेजारी एक नंबरचं चालू. तीन नंबरचं चालू. अतिकने हात पुढे करून नाव भरलं. साहेब नुसते 'हं' म्हणाले, तरी गेले मात्र नाहीत.

तेवढ्यात रांगेतून मफलर पुढे आला. बुधा आजोबा, हातात जुने कागद, अंगावर इस्त्रीचा सदरा. गपचूप रांगेत उभे राहून आले होते!

"नाव सांगा," बाई म्हणाल्या. मान वर केली नाही.

"तुले माहीत शे."

मागची माणसं हसायला लागली. साक्रीकडचीच सगळी, त्यांना लगेच उमगलं. अतिकने हात पुढे केला. बाईंनी तो हळूच बाजूला सारला. "थांब बेटा."

दोन बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. एरवी पळणारी बोटं, आता हलेनात. मी मनात म्हणत होते, नको बाई, खूण टाका, आता ती चालते, त्यासाठीच तर एवढं केलं.

मग बाईंनी पदर सावरला, घसा खाकरला, आणि मांडवात घेतात तसं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं घेतलं:

"कम्प्युटरनी काचवर अक्षरं उमटतस चार,
बुधारावनं नाव लेस, आज शे बुधवार!"

आणि टाइप केलं. ब, उकार, ध, काना. एकेक. नोंद झाली. कुठे काही अडकलं नाही.

दवाखान्यात टाळ्या पडल्या. एक डोळा बांधलेल्या आजी बाकावरून ओरडल्या, "अजून एक व्हऊ दे!" राजपूत साहेब वळून भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचायला लागले, खांदे हलत होते त्यांचे. जाताना एवढंच म्हणाले, "सुनंदाबाई, रांग वाढली. उद्याही इथेच बसायचंय तुम्हाला."

बुधा आजोबा काचेवर नाक टेकवून स्वतःचं नाव बघत होते. त्यांना ते दिसत नसणार. मोतीबिंदू पिकलाय ना. तरी बघत होते. बाई म्हणाल्या, "चला सरका, दुसरा पेशंट शे," आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

मी ट्रेसची फाइल पुसली. शब्द दिला होता.

पारोळा गेलं. मघाशी फोन लावला. मी लावला. तिकडे दोनच रिंगा झाल्या.

"हॅलो? ज्योती? काय झालं?"

काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. वांग्यांचं सांगणार होते बहुतेक. तोंडातून आलं ते वेगळंच.

"भूषण," म्हटलं.

मला वाटलं, नेटवर्क गेलं.

मग म्हणाला, "परत म्हण."